कलम २१ कांदळवनाचे, तसेच झोपडीचेही

कांदळवन जगले पाहिजे, याबद्दल आमचे दुमत नाही. त्याची मुळे भरतीचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात, मासळी-कोळंबीची पिल्ले तिथेच वाढतात. २६ जुलै २००५ रोजी मुंबई बुडाली तेव्हा मिठीकाठच्या वस्त्यांतल्या आपल्या माणसांचे संसार वाहून गेले. त्याच मिठीच्या कांदळवनावर भराव घालून वांद्रे-कुर्ला संकुल कोणी उभारले? झोपडीवाल्यांनी नव्हे.

मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये राज्यभरातली कांदळवनाची तोड थांबवली. सप्टेंबर २०१८ च्या निकालात तर ही तोड म्हणजे संविधानाच्या कलम २१ चा भंग ठरवला. निकालाचे आम्ही स्वागतच करतो. पण 'सार्वजनिक हिता'साठी न्यायालयाची परवानगी घेण्याचा दरवाजा त्यात उघडा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये त्याच दरवाजातून बुलेट ट्रेन गेली. सुमारे २२ हजार झाडे तोडायला परवानगी मिळाली. आणि २०१७ मध्ये कफ परेडच्या आंबेडकर नगरातल्या झोपड्यांवर बुलडोझर फिरला, कारण काय, तर कांदळवनावर अतिक्रमण! शेजारचे टोलेजंग मनोरे समुद्रात भराव घालूनच उभे आहेत. ते मात्र अतिक्रमण नाही, तो विकास. ही नजर जातवर्गाचीच आहे.

हेच कलम २१ घेऊन १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला होता. (फुटपाथवाल्यांना हटवायला मुभा शेवटी दिलीच, ती गोष्ट वेगळी.) मग खाडीकाठी एकाच कलमाचे दोन अर्थ कसे लागतात?

आता पुनर्लागवडीबद्दल. तोडलेल्या झाडांच्या बदल्यात इतकी रोपे लावली, असा आकडा पुढे केला जातो. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते, शेंगेसारखे लोंबते, गळून पडते आणि पाण्याबरोबर तरंगत जाते. भरती-ओहोटीचे पाणी मोकळे खेळत असेल, तर पुष्कळ ठिकाणी माणसाने रोप लावायचीही गरज पडत नाही. म्हणजे खरे काम आहे राडारोडा उपसणे, बुजवलेल्या मोऱ्या उघडणे. पण त्यात बिल्डर दुखावतो. रोप लावताना मात्र फोटो चांगला निघतो. म्हणून मग ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची मैदानेच लागवडीसाठी निवडली जातात. ती ओसाड नसतात. तिथे पाणपक्षी चरतात, बाया खेकडे आणि शिंपल्या वेचून घर चालवतात.

आमचे म्हणणे असे: ज्याने भराव घातला त्याच्याच खर्चाने तो उपसावा. राखणीचे आणि उपशाचे काम खाडीकाठच्या कोळी, दलित, आदिवासी वस्त्यांना कायम नोकरी म्हणून द्यावे, ठेकेदाराच्या हाताखालची रोजंदारी म्हणून नव्हे. आणि कांदळवनाच्या नावाने वस्ती हटवायचीच असेल, तर पात्रतेच्या तारखांचा खेळ न करता आधी जवळपास पक्के घर द्यावे. सुरुवात २०१७ मध्ये घरे गेलेल्यांच्या यादीपासून करावी.