शेपटाचा काळोख

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीत खांब आडवे पडले. कैक गावं आठवडेच्या आठवडे काळोखात. पंप बंद म्हणजे हंडा पुन्हा बाईच्या डोक्यावर. वर लॉकडाऊन, शाळा मोबाईलवर अन् मोबाईल मेलेला.

म्हणे वादळ जात बघत नाही. कबूल. पण दुरुस्ती उपकेंद्रापासून निघते, लाइनच्या शेपटाला शेवटी पोचते. शेपटाला कोण राहतं? गावकुसाबाहेर कुणाला बसवलं, ते आम्हाला शिकवू नका.

मेणबत्त्या वाटून फोटो काढू नका. गोदीत कुठलं जहाज आधी रिकामं करायचं ते ठरलेलं असतं. तसा खांबांचा क्रम पंचायतीच्या फळ्यावर लावा. अन् पहिला जनरेटर वस्तीच्या पंपावर आणा. उरलासुरला उजेड आम्हाला नको.