जकातीची लढाई आणि शेतकऱ्याचा कापूस

दोघांच्या भांडणांत तिसऱ्याचा लाभ, असें आपण म्हणतों. पण दोन सरकारें जकातीवरून भांडूं लागलीं कीं तिसरा जो शेतकरी, त्याच्या पदरीं लाभ नव्हे, तोटाच येतो.

2025 च्या ऑगस्टमध्यें अमेरिकेच्या सरकारनें आपल्या देशांतून तिकडे जाणाऱ्या अनेक मालांवर 25 टक्के जकात बसविली. आणि आपण रशियाचें तेल घेतों म्हणून ता. 27 पासून आणखी 25 टक्के वाढविली. तयार कपडे, चामड्याच्या वस्तु, कोळंबी, सारेंच तिकडे महाग झालें. गिरणीवाले घाबरले. त्यांना स्वस्त कापूस हवा होता. परदेशी कापसावर 2021 सालीं बसविलेली 11 टक्के जकात आपल्या सरकारनें 19 ऑगस्टपासून उठविली. आधीं 30 सप्टेंबरपर्यंत, पुढें 31 डिसेंबरपर्यंत.

आतां पंचांग उघडून पाहावें. विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथें कापसाची वेचणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते. सोसायटीचें देणें, पोरांची दिवाळी, रबीचें बियाणें, सारें त्या पहिल्या वेचणीवर. नेमक्या त्याच वेळीं बंदराचें दार सताड उघडें! मोठा शेतकरी कापूस घरांत भरून वाट पाहूं शकतो. पांच एकरवाला कोठें थांबणार?

सरकार म्हणेल, हमीभाव होता. होय, लांब धाग्याच्या कापसास क्विंटलला 8,110 रुपये ठरले होते. पण भाव कागदावर असणें निराळें आणि हातांत पडणें निराळें. सरकारी खरेदींत 12 टक्क्यांहून अधिक ओलावा चालत नाहीं. शिवाय मोबाईलवर आधीं नांव नोंदवावें लागलें. ज्याचा कापूस पावसानें भिजला, किंवा ज्याचें नांव राहून गेलें, तो हमीभावाखालीं व्यापाऱ्याच्या कांट्यावर गेला.

हें दुखणें जुनें आहे. 1861 ते 1865 या काळांत अमेरिकेंत यादवी माजली. विलायतेच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हां इकडच्या कापसास भाव आला. पैसा खेळूं लागला. सावकार सैल हातानें कर्ज देऊं लागले. लढाई संपली, भाव कोसळले. कर्जाचे कागद मात्र तसेच राहिले आणि शेतसारा वाढला. 1875 सालीं सुप्याच्या बाजारांत शेतकऱ्यांनीं सावकारांचे रोखे जाळले, त्याचें एक बीज यांत होतें.

गिरणींत राबणारा मजूर आमचाच भाऊ आहे. पुष्कळदां तो शेतकऱ्याचाच मुलगा असतो. त्याची भाकरी जावी असें आम्ही म्हणत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, परदेशच्या जकातीनें गिरणी अडचणींत आली तर तिला साऱ्या देशाच्या तिजोरींतून मदत व्हावी. एकट्या कापूसवाल्याच्या घामांतून नव्हे. आणि जें धोरण बदलावयाचें तें पेरणीपूर्वीं सांगावें. जूनमध्यें ज्यानें पेरलें त्याला ऑगस्टमध्यें तोंडघशीं पाडूं नये.

शेतकरी बंधूंनो, नांवनोंदणी वेळेवर करा, कापूस वाळवून न्या, एकेकटे न जातां गांव मिळून विका. आणि मत मागावयास येईल त्यास उभें करून विचारा: बंदराचें दार उघडलें तेव्हां आमच्या बाजूनें कोण बोललें? उत्तर मिळेपर्यंत विचारणें सोडूं नका.