राहुटीत शेगडी नकोच!

अमरावतीहून परतवाड्याकडे जाणारी सडक आमच्या वलगावातून जाते. डिसेंबर उजाडला की तिच्यावरची वर्दळ बदलते. कोणी चिखलदऱ्याची थंडी अनुभवायला निघालेले असतात, तर कोणी सातपुड्याच्या पायथ्याशी भरणाऱ्या बहिरमच्या यात्रेला. ही यात्रा महिनाभराहून अधिक चालते. तेथे राहुटी ठोकायची, मातीच्या हंडीत रांधायचे, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायचे आणि मुक्काम करायचा, ही वऱ्हाडची जुनी रीत. अलीकडे तिच्या जोडीला गाडीतच झोपण्याची सोय आली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पण साधी व्हॅन घेऊन, तिच्यात गाद्या टाकून निघणारे लोकच आमच्याकडे जास्त दिसतात.

अशाच तयारीत असलेले एक शेजारी मला विचारायला आले. “गुरुजी, आम्ही गाडीतच झोपणार आहो. लहान पोरं आहेत संगं. हिटर कोणता घेऊ? का आपली शेगडीच ठेवू? निखारे लाल झाले का तिले धूर राहतच नाही.”

विद्यार्थी मित्रांनो, त्यांचे शेवटचे वाक्य तुम्ही घरोघरी ऐकले असेल. माझ्या मते सगळा घोटाळा त्याच वाक्यात आहे. धूर डोळ्यांना झोंबतो, खोकला आणतो, माणसाला बाहेर पळायला लावतो. म्हणजे धूर निदान इशारा तरी देतो. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड असा काही इशारा देत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, तो झोंबतही नाही.

तो तयार कसा होतो? शेगडीच्या खालच्या थरात हवा भरपूर मिळते, तेथे कोळशाचा कार्बन डायॉक्साइड होतो. हा वायू वरच्या लालबुंद निखाऱ्यांतून जाताना त्यांच्यातला आणखी कार्बन उचलतो आणि त्याचा कार्बन मोनॉक्साइड बनतो. पेटलेल्या शेगडीवर निळसर ज्योती नाचताना तुम्ही पाहिल्या असतील, तो हाच वायू जळत असतो. पुढे निखाऱ्यांवर राख धरते, ज्योती दिसेनाशा होतात आणि आपण म्हणतो, “आता शेगडी आत घ्यायला हरकत नाही.” नेमका त्याच वेळी तो वायू न जळता बाहेर पडू लागतो!

आता थोडे गणित करू. कोळशातल्या फक्त १०० ग्रॅम कार्बनचा कार्बन मोनॉक्साइड झाला असे समजा. बारा ग्रॅम कार्बनपासून सुमारे २४ लिटर वायू मिळतो, म्हणजे १०० ग्रॅमपासून झाला सुमारे २०० लिटर. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच राहुटीत हवा मावते १८,००० लिटर. म्हणजे हवेच्या शंभर भागांत एका भागाहून अधिक विष झाले. एवढ्या प्रमाणात माणूस काही मिनिटांत दगावू शकतो. त्यातला नऊ दशांश फटींतून निघून गेला असे धरले, तरी उरलेला वायू रात्रभर झोपलेल्यांच्या जिवावर उठायला पुरतो. व्हॅन तर राहुटीहून लहान आणि जास्त घट्ट बंद.

आपल्या रक्तातले हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा या वायूला दोनशे पटींहून अधिक घट्ट धरते. त्यामुळे छाती वरखाली होत असते, पण प्राणवायू मेंदूपर्यंत पुरेसा पोचत नाही. जागा माणूस डोके दुखते, मळमळते म्हणून उठेल तरी, झोपलेल्याला तेवढीही संधी मिळत नाही. लहान मुले वजनाच्या मानाने जास्त हवा आत घेतात, म्हणून त्यांना बाधा लवकर होते. ज्यांच्यासाठी ऊब करायची, त्यांनाच धोका अधिक.

हे केवळ पुस्तकी भय नव्हे. जानेवारी २०२० मध्ये नेपाळातील दामन या थंड ठिकाणी केरळहून गेलेल्या दोन कुटुंबांतली आठ माणसे एका खोलीत गॅसचा हिटर लावून, दारे-खिडक्या बंद करून झोपली. आठांपैकी एकही वाचले नाही, आणि त्यांत चार मुले होती. डिसेंबर २०२४ मध्ये केरळातील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृत सापडले. तेथे शेगडी नव्हती, हिटरही नव्हता. जनित्रातला कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरला होता.

शेगडीजवळ पाण्याने भरलेले पातेले ठेवले की झाले, असे काहीजण सांगतात. हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही, पातेल्याचा उपयोग हवा दमट करण्यापुरता. “झरोका उघडा ठेवतो ना!” हा युक्तिवाद त्याहून बरा, पण रात्री दोन वाजता थंडीने कुडकुडणारा कोणीतरी अर्धवट झोपेत तो झरोका लावून घेतो. झोपलेल्या माणसाच्या सावधपणावर अवलंबून असलेली सुरक्षितता मला मान्य नाही. प्राणवायू घटला की आपोआप विझणारे गॅसहिटर मिळतात, त्यांचीही मला खात्री वाटत नाही, कारण ती युक्ती कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही.

म्हणून हिटर पाहताना मी एकच प्रश्न विचारतो : याची ज्वाला हवा कोठून घेते आणि जळालेला वायू कोठे सोडते? दोन्हींचे उत्तर ‘गाडीबाहेर’ असेल, तरच पुढे बोलावे. कॅराव्हॅनसाठी मिळणारे बंदिस्त ज्वालेचे डिझेल हिटर तसे असतात, ते जाणत्या कारागिराकडूनच बसवून घ्यावे. मुक्कामाच्या जागी वीज असेल तर तेल भरलेला विजेचा हिटर बरा, त्यात ज्वाला नाही आणि तापलेली उघडी तारही नाही. मात्र २,००० वॅटच्या हिटरला जवळजवळ ९ अँपियर प्रवाह लागतो, दिव्याच्या साध्या प्लगवर तो लावू नये. हिटर कोणताही असो, कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे बॅटरीवरचे यंत्र सोबत हवेच.

पण खरे सांगायचे तर, वऱ्हाडातल्या थंडीला गाडीतली हवा तापवायची गरजच काय? झोपलेला मोठा माणूस स्वतःच सुमारे ७५ वॅटची शेगडी असतो. ही ऊब निसटते कोठून, ते पाहावे. राहुटीत ती मुख्यतः खालच्या गार जमिनीत जाते. खाली कडब्याचा जाड थर, त्यावर सतरंजी आणि गादी, अंगावर दोन गोधड्या, मुलांना कानटोपरे आणि मोजे, एवढ्याने मोठा फरक पडतो. रबरी पिशवीत गरम पाणी भरून, ती टॉवेलात गुंडाळून झोपण्यापूर्वी अंथरुणात ठेवावी आणि मुले आत शिरली की काढून घ्यावी.

शेकोटीशी माझे वैर नाही. ती बाहेर, उघड्या आभाळाखाली, गप्पा मारायला हवीच. मात्र उठताना आर पाण्याने पुरता विझवावा, घमेल्यात भरून आत नेऊ नये. तरीही कोठे बंद जागेत एकाच वेळी अनेकांचे डोके दुखू लागले, तर अपचन झाले असेल म्हणून थांबू नका. सर्वांना आधी मोकळ्या हवेत आणा, मग १०८ वर रुग्णवाहिका मागवा. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिला तर तासा-दीड तासात तेवढे काम होते.

शेजारी हे सारे ऐकून घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी त्यांची सातवीतली मुलगी आली आणि म्हणाली, “गुरुजी, शेगडी घरीच ठेवली. बाबा म्हणतात, तुमच्याकडची जास्तीची गोधडी द्या.”