आपला कप आणि परक्याचे ओठ

लांबच्या रेल्वेप्रवासात आवडता कप सोबत नेणे हा ललितगद्याला हमखास मानवणारा विषय. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून माणगावला कोकण रेल्वे पकडणाऱ्या रसिकाच्या पिशवीत असा कप असेल, तर त्यावर सुंदर लिहिता येईल. आक्षेप कपावर नाही. त्याला बहाल केलेल्या निरागसतेवर आहे.

आपल्याकडे प्रवासातले भांडे कधीच केवळ आवडीचे नव्हते. इंग्रजी अमदानीत स्थानकांवर ‘हिंदू पाणी’ आणि ‘मुसलमान पाणी’ वेगळे मिळे. एकाच डब्यात बसणे रेल्वेने भाग पाडले, तेव्हा सोवळे घरच्या तांब्याभांड्यात शिरले. पुण्यात ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये झालेल्या चहापानाचे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्त चुकले नाही. हॉटेलाबाहेर वेगळ्या ठेवलेल्या कपबशीची हकीकत तर दलित साहित्याने आपल्यासमोर कधीच मांडली आहे. हे सारे अभ्यासक्रमात शिकवायचे आणि कपावर लिहिताना मात्र विसरायचे, ही कुठली रसिकता?

कोणी म्हणेल, मग कुल्हड घ्या. लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना २००४ मध्ये त्याचा पुरस्कार झाला, २०२० मध्ये पुन्हा घोषणा झाली. कुंभाराला काम मिळते, हे समर्थन रास्तच. पण एकदा पिऊन फोडायच्या भांड्यामागेही उष्ट्याची जुनी भीती आहेच. स्वतःचा कप आणि फेकायचा कप, दोघांनाही एकच गोष्ट टाळता येते: दुसऱ्याच्या ओठांना लागलेले भांडे.

आरोग्याचा मुद्दा खोटा नाही. परंतु त्याचे उत्तर साबण आणि गरम पाणी हे आहे. कचऱ्याचा मुद्दा त्याहून खरा. घाटातल्या टपरीवरच्या कागदी कपालाही आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. टपरीवरचा विसळलेला काचेचा पेला त्यापेक्षा शहाणा. तो शेकडो अनोळखी माणसांचा असतो आणि तरी आपला होतो.

तेव्हा कप जरूर न्यावा. फक्त त्यावर निबंध लिहिण्यापूर्वी एक परीक्षा द्यावी. समोरच्या बाकावरच्या, आडनाव न विचारलेल्या सहप्रवाशाला त्याच कपातून चहा द्यावा, कप विसळावा आणि मग त्यातून आपण प्यावा. हात अडखळला नाही, तर ती आवड. अडखळला, तर ते सोवळेच. फक्त चिनी मातीचे.