परवान्यातील बहुस्वरता

फाशिस्ट राजवटीतील नियतकालिकांचे पुनर्वाचन करताना त्यांत ‘बहुस्वरता’ शोधण्याची एक प्रवृत्ती समीक्षेत आढळते. ज्युझेप्पे बोत्ताई यांनी जून १९२३ मध्ये रोम येथे सुरू केलेले आणि १९४३ पर्यंत चाललेले ‘क्रीतिका फाशिस्ता’ हे पाक्षिक तिला विशेष सोयीचे वाटते. पक्षातील नोकरशाहीवर येथे टीका झाली, अर्थव्यवस्थेच्या पुनर्रचनेविषयी भिन्न मते छापली गेली. सबब ही संहिता एकजिनसी नसून तिच्यात प्रतिकाराच्या फटी आहेत, असे प्रतिपादन केले जाते. हे प्रतिपादन मोहक असले, तरी मुळातच सदोष आहे.

संहितेतील स्वरांची गणना करणारी समीक्षा, कोणते स्वर आधीच बंद करण्यात आले होते, हा प्रश्न टाळते. पिएरो गोबेत्ती यांचे ‘ला रिव्होल्युत्सिओने लिबेराले’ १९२५ मध्ये बंद पाडले गेले. एप्रिल १९२६ च्या कायद्याने संप बेकायदा ठरविला आणि कामगारांच्या वतीने करार करण्याचा अधिकार केवळ फाशिस्ट संघटनांकडे दिला. त्याच वर्षी नोव्हेंबरात विरोधी पक्ष विसर्जित झाले व अंतोनिओ ग्राम्शी यांना अटक झाली. यानंतर बोत्ताई यांच्या पाक्षिकात जी चर्चा झाली, ती रिकाम्या केलेल्या सभागृहातील चर्चा होती.

१९२९ ते १९३२ या काळात बोत्ताई कॉर्पोरेशन खात्याचे मंत्री होते. मालक व कामगार यांना राज्यसंस्थेच्या देखरेखीखाली एकत्र बांधणारी ही योजना वर्गसंघर्ष संपविणार होती. प्रत्यक्षात १९३० च्या अखेरीस औद्योगिक मजुरीत सुमारे ८ टक्के कपात झाली, आणि संपाचे साधन हिरावलेल्या कामगाराला तिचा प्रतिवाद करता आला नाही. मे १९३२ मध्ये फेर्रारा येथील परिषदेत उगो स्पिरितो यांनी उत्पादनसाधनांची मालकीच कॉर्पोरेशनकडे जावी, असा सिद्धांत मांडला. त्यांच्यावर बोल्शेविकपणाचा आरोप झाला. तरीही ते विद्यापीठात शिकवीतच राहिले. त्याच वेळी ग्राम्शी वीस वर्षांहून अधिक मुदतीची शिक्षा भोगत, तुरुंगातल्या वह्यांत याच कॉर्पोरेट अर्थविचाराची चिकित्सा करीत होते. एकाच विषयावरील या दोन विचारांपैकी एकाला व्यासपीठ आणि दुसऱ्याला कोठडी मिळाली. बहुस्वरतेच्या सिद्धांताला या विभागणीचा अर्थ लावता येत नाही.

या नियतकालिकांच्या वर्तुळातूनच पुढे फाशिझमचे विरोधक निघाले, हा प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट मुद्दा होय. बोत्ताई यांच्याच ‘प्रिमातो’त (१९४०–४३) लिहिणारे मारिओ आलिकाता यांना डिसेंबर १९४२ मध्ये अटक झाली, हे खरे. परंतु त्यांना अटक झाली ती भूमिगत कम्युनिस्ट कार्यामुळे. ‘प्रिमातो’तील लेखनामुळे नव्हे. राजवटीला धोका कोठे आहे, हे तिच्या पोलिसांना या समीक्षकांपेक्षा अधिक नेमके कळत होते.

अंतर्गत टीकेमुळे राजवट दुर्बळ झाली नाही. उलट, आपण विचारी आहोत हे सुशिक्षितांना पटविण्याचे साधन तिला मिळाले. १९३८ मध्ये ज्यू शिक्षक व विद्यार्थ्यांना सरकारी शाळांतून हद्दपार करणारे शिक्षणमंत्री हेच ‘टीकाकार’ बोत्ताई होते. हे तथ्य संहितेबाहेरचे म्हणून वगळायचे असेल, तर असे वाचन निष्पाप राहत नाही: राजवटीने आखलेली चर्चेची सीमा ते संहितेची सीमा म्हणून निमूटपणे स्वीकारते.