अंदाज ऐकला, पुढे काय?



सोलापूरकरांना उन्हाचे अप्रूप नाही. गड्डा यात्रा सरते, शिवरात्र होते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपलीकडे मुक्काम ठोकतो. ‘आपल्याला सवय आहे’ हे आपले ठरलेले उत्तर! परंतु पत्र्याच्या खोलीत विड्या वळणाऱ्या भगिनीचे, यंत्रमागापाशी उभ्या कामगाराचे किंवा घरातील वृद्धांचे शरीर ही सवय एका मर्यादेपर्यंतच निभावते. ती मर्यादा येण्यापूर्वी सावध होणे आज शक्य आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेली विस्तारित पल्ल्याच्या अंदाजाची प्रणाली २०१६ पासून भारतीय हवामान विभागाच्या नित्य वापरात आहे. तिच्या आधारे दर गुरुवारी पुढील चार आठवड्यांचे ढोबळ चित्र मिळते. उन्हाळ्याच्या तोंडावर संपूर्ण हंगामाचा कल कळतो. तर नजीकच्या दिवसांसाठी पिवळा, नारिंगी व लाल असे इशारे दिले जातात. संशोधन प्रयोगशाळेतून कार्यालयापर्यंत आले. कार्यालयातून ते आपल्या उंबरठ्याच्या आत यावयास हवे.

हे कसे घडते, याचा धडा अहमदाबादने दिला. मे २०१० मधील उष्णतेच्या लाटेत तेथे नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासातून दिसले. त्यानंतर महापालिका, आरोग्यतज्ज्ञ आणि हवामानशास्त्रज्ञ एकत्र बसले आणि २०१३ मध्ये शहराचा उष्णता कृती आराखडा तयार झाला. कोणत्या तापमानाला कोणी काय करावयाचे, हे आधीच ठरल्यामुळे अंदाजाला हातपाय फुटले.

आपल्या घराचाही असा लहानसा आराखडा असावा. हंगामाचा अंदाज कळताच पत्र्यावर पांढरा रंग द्यावा अथवा हिरवी जाळी ताणावी. गुरुवारचा अंदाज पाहून लग्नकार्याची वेळ, प्रवास व शेतीची कामे सकाळ-संध्याकाळकडे वळवावीत. हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार किंवा लघवी वाढविणारी औषधे चालू असल्यास उन्हाळ्यातील पाण्याचे व औषधाचे प्रमाण डॉक्टरांना आधीच विचारावे. स्वतःहून बदलू नये. नारिंगी इशारा आला, की दुपारी बारा ते चार घराबाहेरची कामे टाळावीत. तहानेची वाट न पाहता पाणी, ताक, पन्हे घेत राहावे. एकटे राहणाऱ्या शेजाऱ्यांची दिवसातून दोनदा विचारपूस करावी. चाळिशीपलीकडच्या कोरड्या हवेत नुसता पंखा अंगावर गरम झळा आणतो. अंग ओल्या कापडाने पुसत राहावे.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावी. मैदानी प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी अधिक असेल, किंवा पारा ४५ अंशांवर पोहोचला, तर उष्णतेची लाट मानली जाते. सोलापुरात मे महिन्याची सरासरीच चाळिशीच्या आसपास! म्हणजे ४३ अंशांच्या दिवशी ‘लाट’ जाहीर होईलच असे नाही; पण शरीराला तो दिवस सोपाही नसतो. शिवाय वेधशाळेतील तापमापक सावलीत, हवेशीर पेटीत असतो. पत्र्याखालील खोली त्याहून पुष्कळ तापते. म्हणून घरात एक साधा तापमापक टांगावा आणि दुपारचे व रात्रीचे आकडे वहीत लिहावेत. रात्रही तापलेली राहिली, तर शरीराला विसावा मिळत नाही आणि दुसऱ्या दिवशीचा धोका वाढतो. अशा नोंदी आपल्या आशाताईंना किंवा आरोग्य केंद्राला दाखवाव्यात. ऊन कोठे व कोणाला बाधते हे खालून वर कळले, तरच वरून येणारा इशारा अधिक नेमका होईल.

तरीही कोणी बरळू लागले, शुद्ध हरपली, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. रुग्णाला सावलीत आणून, कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडावे व वारा घालावा. बेशुद्ध व्यक्तीच्या तोंडात पाणी घालू नये.

आभाळाकडे पाहून बेत आखणे आपल्या आजी-आजोबांनाही ठाऊक होते. आज त्या पाहण्याला विज्ञानाचे डोळे लाभले आहेत. येत्या गुरुवारी अंदाज जरूर ऐका आणि त्यानुसार घरातील एक तरी बेत बदला.