दिसणारा भूतकाळ, अडवणारा भूतकाळ : २०२५ मधील ऐतिहासिक गेम्सविषयी #थ्रेड

१/
सन १४०३. बोहेमिया, म्हणजे आजचे चेक प्रजासत्ताक. ट्रोस्की किल्ल्याच्या दरवाजासमोर दोन तरुण उभे आहेत. एक उमराव, दुसरा लोहाराघरी वाढलेला त्याचा सोबती. वाटेत झालेल्या हल्ल्यात बरोबरची माणसे मारली गेली. अंगावर धड वस्त्रे उरली नाहीत, ओळख पटवणारा कागदही नाही. उमराव आपले कुळ सांगतो. पहारेकऱ्यांना ते पटत नाही. दरवाजा उघडत नाही.

२/
हा प्रसंग 'किंगडम कम : डिलिव्हरन्स २' या गेममधील. प्रागच्या वॉरहॉर्स स्टुडिओचा हा गेम ४ फेब्रुवारी २०२५ रोजी आला. पाठोपाठ ११ फेब्रुवारीला 'सिव्हिलायझेशन ७', २० मार्चला 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' आणि २ ऑक्टोबरला 'घोस्ट ऑफ योतेई' प्रसिद्ध झाले. इतिहासाची आवड असलेल्या हौशी खेळाडूला असे वर्ष क्वचितच लाभते.

३/
अशा गेम्सवर होणारी चर्चा बहुधा दिसण्यापुरती असते. तलवार त्याच काळातली आहे का? छपराची कौले बरोबर आहेत का? हे प्रश्न रास्त आहेत. पण दिवसभराचे काम आटोपून रोज रात्री तास-दीड तास त्या जगात घालवणाऱ्या खेळाडूला याहून महत्त्वाचा प्रश्न पडायला हवा : हा गेम काय करू देत नाही? भूतकाळातील माणसाचे आयुष्य त्याच्या बंधनांनी घडले होते. ती बंधने जाणवली नाहीत, तर उरतो तो केवळ देखावा.

४/
या कसोटीवर 'किंगडम कम' सर्वांत सरस ठरतो. हेन्रीला भूक लागते, अन्न नासते, कपड्यांवरील रक्त आणि चिखल पाहून लोक त्याच्याशी वेगळे वागतात. २०१८ च्या पहिल्या भागात तर त्याला वाचताच येत नव्हते. पुस्तक उघडले की अक्षरे उलटसुलट दिसत आणि लेखनिकाकडे जाऊन धडे घ्यावे लागत. साक्षरता हे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे कौशल्य होते, हे एखाद्या ग्रंथातील परिच्छेदापेक्षा त्या विसकटलेल्या पानाने अधिक नेमके समजते.

५/
दुसऱ्या भागाचा उत्तरार्ध कुटेनबर्ग, म्हणजे आजचे कुत्ना होरा, या नगरात घडतो. तेथील चांदीच्या खाणींवर बोहेमियाचे राज्य उभे होते. १३०० पासून प्रसिद्ध 'प्राग ग्रोशेन' नाणी तेथेच पाडली जात. १४०२ मध्ये राजा चौथा वेन्सेस्लास याला त्याचा सावत्र भाऊ सिगिस्मुंड याने कैद केले. त्यानंतरच्या संघर्षात हे नगर कोणाच्या हाती राहते याला एवढे मोल का होते, हे खाणीत उतरल्यावर ध्यानात येते.

६/
दोषही आहेत. गेम जसजसा पुढे सरकतो तसतशी बंधने सैल होतात. उपाशी, फाटका हेन्री हळूहळू अजिंक्य योद्धा होतो, त्याची थैली भरते, मोठमोठ्या सरदारांच्या मसलतीत त्याला स्थान मिळते. तो एका सरदाराचा अनौरस पुत्र आहे, हा कथेतील धागा त्याची वाट आणखी सुकर करतो. खऱ्या लोहारपुत्रासाठी जे दरवाजे आयुष्यभर बंद राहिले असते, ते येथे अखेर उघडतातच.

७/
'शॅडोज'भोवती सर्वाधिक वादंग झाला तो यासुकेवरून. हा आफ्रिकी पुरुष १५७९ मध्ये जेझुइट धर्मगुरू आलेस्सांद्रो वालिन्यानो याच्यासह जपानात आला आणि १५८१ मध्ये ओदा नोबुनागाच्या पदरी राहिला. जेझुइटांची पत्रे आणि 'शिंचो कोकी' हे नोबुनागाचे चरित्र यांत त्याचे उल्लेख आहेत. मात्सुदाइरा इएतादाच्या रोजनिशीत त्याची उंची सहा शाकू दोन सून, म्हणजे सुमारे १८८ सेंटिमीटर, नोंदली आहे. १५८२ मध्ये होन्नोजी येथे नोबुनागाचा अंत झाला आणि त्यानंतर लवकरच यासुके कागदपत्रांतून नाहीसा होतो.

८/
एवढ्या त्रोटक नोंदी असताना कल्पनेने रिकाम्या जागा भरणे गैर नव्हे. क्योतोत त्याला पाहण्यासाठी चेंगराचेंगरी झाली, असे जेझुइट पत्रे सांगतात. असा माणूस लपू शकत नाही. गेमने हे अंशतः ओळखले आहे : छपरांवरून सरपटणे, अंधारात मिसळणे हे काम इगा प्रांतातील काल्पनिक नाओएचे; यासुके दार फोडून आत शिरतो. दोन शरीरांच्या दोन मर्यादा, हा या गेममधील सर्वांत चांगला विचार.

९/
मात्र परभाषेत वावरणारा, एका धन्याच्या मर्जीवर जगणारा माणूस थोड्याच तासांत हवे तेथे हिंडू लागतो आणि लक्ष्यांची यादी एकेक करून संपवू लागतो. त्याचे परावलंबन हाच त्याच्या आयुष्याचा गाभा असावा. नेमके तेच निसटते. तो सामुराई होता की नव्हता या वादाच्या धुरळ्यात ही उणीव फारशी कोणाला दिसली नाही.

१०/
याच गेममधील अझुची किल्ल्याचे उदाहरण बोलके आहे. १५७६ मध्ये बांधायला घेतलेला हा किल्ला १५८२ मध्ये जळाला. त्याचे चित्र असलेले पडदे नोबुनागाने वालिन्यानोला भेट दिले होते. तरुण जपानी दूतांसह गोव्यामार्गे ते रोमला पोहोचले, १५८५ मध्ये पोपला अर्पण झाले आणि पुढे हरवले. किल्ल्याच्या रूपाविषयी अभ्यासकांची मते आजही जुळत नाहीत. पडद्यावर इतक्या ठामपणे उभा असलेला किल्ला मुळात एक अनुमान आहे.

११/
'घोस्ट ऑफ योतेई' डोळ्यांचे पारणे फेडतो. सन १६०३, स्थळ एझो, म्हणजे आजचे होक्काइदो. नायिका आत्सू सूडाच्या वाटेवर निघालेली. वारा, गवत, शामिसेनचे सूर, सारेच मोहक. पण त्या काळी जपानी वस्ती एझोच्या नैर्ऋत्य टोकाशी, मात्सुमाए घराण्याच्या आसपास एकवटलेली होती. उर्वरित विस्तीर्ण प्रदेश आयनू लोकांचा होता. १६०४ मध्ये तोकुगावा इएयासूने मात्सुमाए घराण्याला दिला तो आयनूंशी व्यापाराचा एकाधिकार.

१२/
गेममध्ये मात्र इशिकारी, तोकाचीसारख्या अंतर्भागातही जपानी सरदारांची ठाणी आणि सैन्ये भेटतात. आयनूंचे चित्रण आदरपूर्वक केले आहे, तरी ते स्वतःच्याच भूमीत शेजारी वाटू लागतात. कडाक्याचा हिवाळाही आत्सूचा घोडा रोखत नाही. हा गेम चित्रपटांच्या परंपरेतील एक सूडकथा म्हणून उत्कृष्ट आहे. त्यावरून १६०३ चा एझो समजला, असे मानणे धोक्याचे.

१३/
'सिव्हिलायझेशन ७' मध्ये प्रत्येक युगात संस्कृती बदलावी लागते. भारतापुरते पाहिले तर प्राचीन युगात मौर्य, पुढील युगात चोळ आणि आधुनिक युगात मुघल अशी क्रमवारी आहे. अठराव्या शतकाचा इतिहास वाचलेल्या मराठी वाचकाला 'आधुनिक' या पाटीखाली मुघल पाहून आश्चर्य वाटणारच. 'मराठे का नाहीत?' हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण नाव असण्याने तरी काय साधते?

१४/
उत्तर २००९ मध्येच मिळाले होते. 'एम्पायर : टोटल वॉर' मध्ये मराठ्यांचे राज्य चालवता येई, तेही 'संघराज्य' या नावाने. आरंभ सन १७००. प्रत्यक्षात त्या वर्षी मार्चमध्ये छत्रपती राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले, एप्रिलमध्ये सातारा औरंगजेबाच्या हाती गेला आणि ताराबाईंनी सूत्रे हाती घेतली. शिंदे, होळकर, गायकवाड ही नावे पुढच्या दशकांतली. गेममधील खेळाडू मात्र निवांतपणे कर ठरवतो आणि बराकी बांधतो. नाव मराठ्यांचे, अडचण एकही मराठ्यांची नाही.

१५/
जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेश म्हणून १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले. या किल्ल्यांवर आधारित मोठा गेम यावा, असे स्वप्न अनेक तरुण पाहतात. तो येईल तेव्हा बुरूज, तटबंदी, नगारखाना हुबेहूब उभे करणे तुलनेने सोपे असेल. कठीण प्रश्न वेगळा आहे : त्या गडावर खेळाडूला काय करता येणार नाही?

१६/
साधने उपलब्ध आहेत. सभासद बखरीनुसार गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत हे तिघे एकाच दर्जाचे. कारभार एकट्याच्या हाती नाही. मग हवालदार झालेल्या खेळाडूला मनात येईल तो निर्णय परस्पर कसा घेता येईल? रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र बजावते की पाण्याची सोय पाहूनच किल्ला बांधावा आणि झरा असला तरी त्यावर विसंबून न राहता टाकी खोदावीत. कारण तोफांच्या हादऱ्याने झरे आटतात. वेढ्यात पाण्याचा हंडा मोजायला लावणारा गेम या एका सूचनेतून जन्मू शकतो.

१७/
ट्रोस्कीचा दरवाजा वस्त्रांअभावी उघडला नाही. रायगडाची हिरकणीची आख्यायिकाही दरवाजाचीच आहे. सांज झाली, दरवाजे मिटले, घरी तान्हे मूल आहे हे सांगूनही उघडले नाहीत, आणि एक आई कडा उतरून गेली. ती कथा लोकांच्या स्मरणात राहिली, कारण तिच्यात एक नियम आहे आणि तो नियम मोडत नाही.

१८/
म्हणून पुढचा ऐतिहासिक गेम सुरू करताना हौशी खेळाडूने एक वही जवळ ठेवावी. किल्ला किती सुंदर दिसला, हे त्याच्या लक्षात राहीलच. वहीत लिहावे ते एवढेच : आज या जगाने आपल्याला कोठे अडवले? पान कोरे राहिले तर गेम रंजक असेल, नितांतसुंदरही असेल. पण त्या रात्री भूतकाळाची भेट झाली नाही, असे खुशाल समजावे.

(समाप्त)